काळी चार

"पाठ करून बस," रॉडरिक म्हणाला.

मला वाटलं, माझं इंग्रजी पुन्हा दगा देतंय. मी मंचावर तंबोरा मांडीवर घेऊन, समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून बसले होते. बर्मिंगहॅममधलं ते एक पडीक प्रार्थनाघर होतं. चित्रकलेच्या कॉलेजातली मुलं तिथं नाटकं वगैरे करायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथं रॉडरिक फेनचा प्रयोग होता.

"कोणाकडे पाठ?"

"लोकांकडे. त्यांना तुझा चेहरा नको. वेणी हवी, साडी हवी. चेहरा दिसला की तिथं एक बाई बसलीय हे कळतं."

"मी बाईच आहे."

"तीच तर अडचण आहे," असं म्हणून तो आपल्या काचा पुसायला गेला.

इंग्रजीत तू-तुम्ही सगळं एकच. पण मराठीत सांगताना मी त्याला तूच म्हणणार. अहो-जाहो करावं असं त्या माणसात मला कधी काही दिसलं नाही.

मी उठून, फिरून, भिंतीकडे तोंड करून बसले. अजून मला शेवटच्या गाण्याची आशा होती. म्हणून आलेला राग गिळला आणि विचारलं, "मग शेवटी मी गाईन तेव्हा वळायचं ना?"

त्यानं काच पुसायची थांबवली नाही. "ते गाणं मी काढलंय."

"काढलंय म्हणजे?"

"म्हणजे ते नाही. माझ्या शेवटच्या ओळीनंतर शांतता हवी. त्यात कोणी गायला लागलं तर विचका होईल."

"तू मला शब्द दिला होतास."

तेव्हा तो वळला. उंच, हडकुळा, रंगानं बरबटलेला डगला, आणि डोळे असे की समोरच्या माणसाकडे नव्हे, त्याच्या मागच्या भिंतीकडे बघताहेत. "हे बघ यामुना," तो म्हणाला. माझं नाव त्याला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही. "ह्या प्रयोगात मी माणूस आहे आणि तू जमीन आहेस. मी तुझ्यावर उभा राहतो. जमिनीनं गायचं नसतं."

मंचाच्या कडेला त्याची बायको मॉरीन टेपरेकॉर्डरच्या वायरी जोडत बसली होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वायरींत घातली.

हे शेवटच्या गाण्याचं प्रकरण काय ते सांगायला हवं. आम्ही, म्हणजे मी आणि माझे यजमान मनोहर खांबेटे, एका बंद पडलेल्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. हे एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायचे. ते कामावर गेले की मी दारं-खिडक्या लावून घ्यायची आणि तंबोरा काढायची. लग्नात वडिलांनी मला दिलेली ती एकच वस्तू माझी म्हणावी अशी होती. मिरजेतला तंबोरा, बायकी, काळी चारचा. पेटीवरची काळी पट्टी चौथी, तो माझा सा. पेटी जवळ नसली तरी मला तो झोपेतून उठवल्यावर लावता येई. वर्षानुवर्षं मी तो असा दारं लावूनच लावत होते. माहेरी लहानपणी दुसऱ्या खोलीत दादाचं गाणं चालू असे म्हणून, आणि इथं शेजारी तक्रार करतील म्हणून.

मग खालचं दुकान रॉडरिकनं भाड्यानं घेतलं. एके दिवशी तो जिना चढून आला आणि म्हणाला, "तुझ्या जमिनीतून माझ्या छतावर काहीतरी गळतंय. काय आहे ते?"

मी घाबरून म्हटलं, "नळ बंद आहे."

"पाणी नव्हे. आवाज."

कोणी विचारलं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी तंबोरा दाखवला, गाऊन दाखवलं. तो दाराला टेकून डोळे मिटून ऐकत राहिला आणि जाताना म्हणाला, "माझ्या प्रयोगात तंबोरा वाजव. शेवटचं एक गाणं तुझं. तू एकटी." त्या संध्याकाळी मी ह्यांच्यासाठी शिरा केला, आणि ते विचारत राहिले की आज काय आहे.

रॉडरिक साधासुधा माणूस नव्हता, हेही सांगते. एका गाजलेल्या बँडला त्यानं दोन गाणी लिहून दिली होती आणि ती त्या वर्षी प्रत्येक दुकानातल्या रेडिओवर वाजत होती. पण त्याला गीतकार म्हटलं की तो चिडायचा. त्याला चित्रकार व्हायचं होतं, गायक व्हायचं होतं, आणि ह्या दोन्हींच्या पलीकडचं काहीतरी, ज्याला अजून नाव नाही, तेही व्हायचं होतं. त्याची पद्धत अशी: छताला दोरांनी खिडक्यांच्या मोठमोठ्या काचा टांगायच्या. एकेका काचेवर ब्रशनं, ओल्या रंगात, भराभरा ओळी लिहायच्या. मग बादलीतलं पाणी त्यावर फेकायचं. रंग ओघळतो, निम्मे शब्द वाहून जातात. जे उरतील तेवढेच गायचे. एक काच झाली की पत्र्यावर हातोडा आपटत मोठा गोंगाट करायचा आणि पुढच्या काचेकडे जायचं. खोटं कशाला बोलू, तालमीत एकदा पाणी ओघळून गेल्यावर काचेवर उरलं, "माझ्याकडे दार आहे, घर नाही," तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पण दहांतल्या नऊ वेळा उरायचं ते 'आणि', 'चमचा', 'काका' असलं काहीतरी, आणि तेही तो तितक्याच गंभीरपणे गायचा.

आणि गायचा म्हणजे काय? त्याला सूर धरता येत नसे. तंबोरा थांबला की तो भरकटला. तंबोऱ्याचा हात धरूनच तो चालू शके, आंधळा माणूस भिंतीला हात लावून चालतो तसा. त्याच्या आवाजासाठी मला तारा चांगल्या सैल कराव्या लागल्या होत्या. माझी काळी चार सोडून पांढरी तीनपर्यंत खाली. माझा तंबोरा इतका उतरलेला मी कधी ऐकला नव्हता. आजारी माणसासारखा वाजत होता तो.

त्या रात्री जेवताना मी ह्यांना सांगितलं, "उद्या मी जाणार नाही."

"का गं?"

"त्यानं माझं गाणं काढून टाकलं. म्हणतो, पाठ करून बस."

ह्यांनी भाताचा घास तसाच हातात धरला. "मी तर ऑफिसातल्या सगळ्यांना सांगितलंय. आमचा मॅनेजर यायचाय बायकोला घेऊन." मग जरा समजुतीनं म्हणाले, "अगं, तिकडे माहेरी मिरजेतसुद्धा लहानपणी तू मागंच बसत होतीस ना तंबोरा घेऊन? बसायचं तर आहे."

ते वाईट माणूस नव्हते. म्हणूनच ते वाक्य जास्त लागलं. मी ताट उचललं आणि म्हटलं, "जाते."

दुसऱ्या दिवशी मला पांढरी साडी नेसून यायला सांगितलं होतं. मी डाळिंबी रंगाचं इरकल नेसले. रॉडरिकनं ते पाहिलं, जबडा आवळला, पण लोक यायला लागले होते. प्रार्थनाघर भरलं. लांब केसांची मुलं-मुली, दोन वर्तमानपत्रवाले, आणि तिसऱ्या रांगेत कोट घातलेले आमचे हे आणि त्यांचा मॅनेजर. मी सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि पाठ करून बसले. तंबोरा मांडीवर आडवा घेतला, म्हणजे खुंट्या डाव्या हाताशी आल्या.

पहिली काच झाली. पांढरी तीनवर तो नीट चालला. मग त्यानं हातोडा घेतला आणि पत्रा बडवायला लागला. त्या दणदणाटात मला माझ्याच तारा ऐकू येईनात. मी भिंतीकडे बघत होते. भिंतीवर ओल आली होती आणि पूर्वी कुठलीशी पाटी होती तिथं चार खिळे तेवढे उरले होते. मनात एकच गोष्ट आली: मला हा बघू शकत नाही. कोणीच बघू शकत नाही. ही सोय त्यानंच करून दिलीय.

मी डावा हात खुंटीवर नेला आणि मधल्या जोडीच्या तारा थोड्या चढवल्या. मग पंचम, मग खर्ज. ही विद्या मला आधीपासून येत होती. गोंगाटात, बोटांना जाणवणाऱ्या थरथरीवरून तार लावायची, आणि चेहरा असा ठेवायचा की जणू देवळात बसलोय.

पत्रा थांबला. तंबोरा अर्धा सूर वर होता. रॉडरिक दुसऱ्या काचेसमोर उभा राहिला, कान दिला, आणि मुकाट्यानं तिथून गायला लागला. त्याला कळलंच नाही.

दुसऱ्या गोंगाटात मी आणखी चढवला. तिसऱ्यात आणखी. चौथ्या काचेला त्याच्या आवाजात जी खरखर होती, तिच्यामुळे सभागृहात चुळबुळ थांबली आणि लोक पुढं सरकून बसले, हे मला खुर्च्यांच्या आवाजावरून कळलं. पाचव्या काचेला त्याच्या घशातून शब्द ओढून काढल्यासारखे येत होते. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर कडेला मॉरीन माझ्या डाव्या हाताकडे टक लावून बसली होती. आमची नजरानजर झाली. वाटलं, संपलं, आता ही उठेल. तिनं टेपच्या फिरणाऱ्या चकत्यांकडे पाहिलं, पुन्हा माझ्या हाताकडे पाहिलं आणि हाताची घडी घालून बसून राहिली.

शेवटच्या गोंगाटात मी तंबोरा काळी चारवर नेऊन ठेवला. तिथं पोचल्याबरोबर तो नेहमीसारखा वाजायला लागला. भोपळा नादानं भरला. माझ्या मांडीला ते कळलं.

रॉडरिकनं शेवटच्या काचेवर पाणी फेकलं. काय उरलं होतं मला ठाऊक नाही, मला काच दिसत नव्हती. त्यानं तोंड उघडलं, तो सूर गाठायला गेला, आणि त्याचा आवाज फाटला. शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखी एक किंकाळी निघाली, लांबलचक, आणि मधेच तुटली. मग काही नाही. घशातून नुसती हवा.

तंबोरा वाजत होता. तो माझ्या सुरावर होता, समोर माझी भिंत होती आणि गाणारा गप्प झाला होता. मी तोंड उघडलं आणि सा लावला.

नुसता सा. बंदिश नाही, शब्द नाही. श्वास होता तेवढा.

आणि त्याच क्षणी टाळ्या फुटल्या. लोक उभे राहून ओरडत होते, पाय आपटत होते. टाळ्या किंकाळीला होत्या. मी सा सोडला नाही. त्या कल्लोळात मी तो अगदी शेवटच्या श्वासापर्यंत धरून ठेवला आणि एकाही माणसाला तो ऐकू आला नाही. मी वळून बघितलं तेव्हा हे सुद्धा मॅनेजरबरोबर उभे राहून टाळ्या वाजवत होते, मंचाच्या मध्याकडे बघत.

मागच्या खोलीत रॉडरिकभोवती गर्दी होती. त्याला बोलता येत नव्हतं. नुसतं घोगरं कुजबुजत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी गर्दीतून वाट काढत त्याच्यासमोर गेले. त्यानं माझे दोन्ही हात धरले. "तू फार चांगली जमीन होतीस," तो म्हणाला.

"मी चढवला," मी म्हटलं. "तंबोरा. प्रत्येक गोंगाटात. मुद्दाम."

तो माझ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच माझ्याकडे, माझ्या मागच्या भिंतीकडे नव्हे. मग त्यानं मान हलवली. "नाही. ते माझ्या आतून आलं."

"तुझ्या आतून काही आलं नाही. मी तुला वर ढकललं. तुझा घसा फाटावा म्हणून."

"नाही," तो पुन्हा म्हणाला आणि माझे हात सोडून दिले. "आजच्या दिवशी एवढं कोतं होऊ नये कोणी."

कोती! तिथं एक काच भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ती त्याच्या डोक्यात घालावी असं मला मनापासून वाटलं. नाही घातली, कारण हे आले आणि म्हणाले, "चल, मॅनेजर तुला भेटायचं म्हणताहेत."

त्या किंकाळीनं रॉडरिक फेन मोठा झाला. वर्तमानपत्रांनी लिहिलं की भाषा जिथं संपते तिथं हा माणूस पोचला. त्या संध्याकाळच्या टेपची रेकॉर्ड निघाली. तिच्या कव्हरावर माझा फोटो होता, म्हणजे माझ्या पाठीचा: वेणी, इरकल आणि तंबोऱ्याचा दांडा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सगळ्यांची नावं होती, पत्रा ज्याच्याकडून आणला त्याचंसुद्धा. माझ्या पाठीला नाव नव्हतं. कोणा जाणकारानं तिथं लिहिलं होतं, की किंकाळीनंतर टाळ्यांच्या मागं जो अस्पष्ट नाद येतो, तो त्या वास्तूतल्या जुन्या पाइपांचा घुमारा असावा.

पुढं त्याला ठिकठिकाणाहून बोलावणी आली आणि तो पुन्हा आमचा जिना चढून आला. त्यानं दुसरे दोन तंबोरेवाले आणून पाहिले होते, पेटी लावून पाहिली होती. किंकाळी येत नव्हती.

"माझ्याबरोबर लंडनला चल," तो दारात उभा राहून म्हणाला.

"शेवटचं गाणं माझं. आणि तोंड लोकांकडे."

"ते होणार नाही."

"मग तुझ्या आतून काढ," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

त्यानं ती काढली, जोर लावून, रोज. दोन-तीन वर्षांत त्याचा आवाज कायमचा बसला. मग तो पुन्हा दुसऱ्यांना गाणी लिहून द्यायला लागला. आणि त्या धुतलेल्या काचा मोठ्या मोठ्या संग्रहालयांत लागल्या. मुलाखतींत तो सांगायचा, मी माझा आवाज कलेला अर्पण केला. त्याच्यावर आता जाड पुस्तकं आहेत. त्यांतल्या एकात माझा उल्लेख आहे: एक अनामिक भारतीय स्त्री. ते वाचून ओळखीचे लोक मला म्हणतात, तुम्हाला वाईट वाटत असेल. मला वाईट वाटत नाही. मला अजून राग येतो, आणि तो मी व्यवस्थित जपून ठेवलाय.

पण ही गोष्ट त्याची नाहीच.

रेकॉर्ड निघाल्यावर ह्यांनी मला न विचारता तिची एक प्रत भारतात निघालेल्या कोणाबरोबर तरी मिरजेला पाठवून दिली. "अण्णांना कळू दे, मुलीचा तंबोरा विलायतेत वाजला." अण्णा म्हणजे माझे वडील. मिरजेत त्यांचा गाण्याचा वर्ग होता आणि लोक त्यांना बुवा म्हणत. मी ह्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. त्यांना कारण कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

अण्णांकडून काही उत्तर आलं नाही. पुढं मी मिरजेला गेले तेव्हाही पहिले काही दिवस ते त्याविषयी चकार शब्द बोलले नाहीत. मग एका सकाळी, वर्गातली मुलं गेल्यावर, त्यांनी हाक मारली. "यमे, इकडं ये."

ते सतरंजीवर बसले होते. शेजारी दादाच्या दुकानातला फोनो होता. दादा, माझा मोठा भाऊ श्रीपाद, रेडिओ दुरुस्त करायचा. अण्णांनी रेकॉर्ड कव्हरातून काढून लावली. काळीभोर, नवी कोरी दिसत होती. फक्त शेवटाला, मध्यभागाजवळ, बोटभर पट्टा घासून पांढुरका झाला होता. अण्णांनी सुई उचलली आणि न चाचपडता नेमकी त्या पट्ट्यावर ठेवली.

खरखर खूप होती. किंकाळी आली, तुटली. टाळ्या आल्या. अण्णांनी एक बोट वर केलं. टाळ्यांच्या मागं, पार मागं, माझा सा होता.

"हा गोरा ओरडतोय, त्याचं सोड," अण्णा म्हणाले. "त्याला तंबोऱ्यानं चढवत नेलंय. पहिल्यापासून ऐकलं मी. श्रीपादला नेलं होतंस तसं."

नाकारण्यासारखं काही नव्हतंच. दत्तजयंतीच्या उत्सवात दादाचं पहिलं जाहीर गाणं होतं. त्याचा आवाज नुकता फुटून स्थिरावला होता. मी त्याच्या मागं तंबोऱ्यावर होते, वय वर्षं बारा. जो तराणा तो गाणार होता, तो दाराआडून ऐकून मला त्याच्या आधी येत होता, आणि हे अण्णांना माहीत होतं. तरी त्यांनी सांगितलं, तू नुसती तार छेड. मी छेडली. तबलजी हातोडीनं तबला ठोकून मिळवायला थांबला की मी तारांतल्या मण्यांवरून, खुंट्यांवरून तंबोरा थोडा थोडा वर नेला. तराण्याच्या वेळी दादाचा आवाज चिरकला आणि सगळा उत्सव हसला. घरी आल्यावर अण्णांनी मला पंख्याच्या दांड्यानं मारलं. पुढं लग्न होईपर्यंत मला चारचौघांत तंबोऱ्याला हात लावू दिला नाही. दादा पुन्हा कधी गायला नाही. त्याला त्यातून सुटल्याचा आनंदच झाला असावा असं मला आजही वाटतं.

"आता मारणार आहात का?" मी विचारलं.

"तंबोरा आण," अण्णा म्हणाले.

मी कोपऱ्यातला तंबोरा आणला आणि सवयीनं त्यांच्या मागं जाऊन बसायला लागले. "तिथं नको. पुढं बस." आणि माझ्या हातातून त्यांनी तंबोरा घेतला. मिरजेचे बुवा, त्यांच्या मागं नेहमी दोन-दोन शिष्य तंबोरे घेऊन बसायचे. ते उठले, माझ्या मागं जाऊन बसले आणि तारा लावायला लागले. न विचारता त्यांनी काळी चार लावली.

"तोडी," ते म्हणाले. "गा."

मला उठून जावंसं वाटलं. आता, रेकॉर्ड घासून झाल्यावर, सवड मिळाली होय? पण तंबोरा फार चांगला लागला होता. मी गायला लागले. सूर घट्ट होता, पण मन नव्हतं. अर्धा कान मागं, त्यांच्या बोटांकडे होता. माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता.

आणि तेच झालं. मी गंधारावर रेंगाळत असताना मागं काहीतरी हललं. इतकं बारीक की सुईच्या टोकावर मावलं असतं.

मी थांबले. "अण्णा, चढला."

मागून ते हसल्याचा आवाज आला. "कळलं की तुला. श्रीपादला कळलं नव्हतं."

"म्हणजे तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

"दुसऱ्या आवर्तनातच."

"मग तिथंच का नाही थांबवलंत?"

"बघत होतो," अण्णा म्हणाले. "म्हटलं, कुठवर नेतेय पोरगी. तराणा संपेपर्यंत एकदाही हात चुकला नाही तुझा."

माझा आवाज चढला. दु:खानं नव्हे, संतापानं. "हे ठाऊक होतं, तरी मारलंत. तरी मला दाराआड बसवलंत."

मला उत्तर हवं होतं. मी वाट पाहिली. तारा थांबल्या, मग मणी सरकल्याचं ऐकू आलं, आणि तंबोरा पुन्हा जागेवर, काळी चारवर आला. अण्णा छेडत राहिले. घाई केली नाही. मी सुरू करावं म्हणून ते माझ्या पाठीमागं बसून राहिले, जशी मी त्यांच्या आणि दादाच्या मागं बसायची.

मी वळून पाहिलं नाही. पुष्कळ वेळ त्यांना तसंच बसवून ठेवलं. मग गायले.